बारा डोकी कमी

१

पेटीसाहेब कारखान्यात शिरले तेव्हा बारा जण चादरी पांघरून भिंतीशी रांगेने उभे होते. साहेबांनी पहिली चादर वर उचलली आणि खाली सोडली. दुसरी उचलली, खाली सोडली. बाराव्या चादरीनंतर त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. दोष चष्म्याचा नव्हता. बाराही जणांना डोकं नव्हतं.

बाकी माल उत्तम होता. दुकानात उभे करतात तसले पुतळे, माणसाच्या उंचीचे, खांदे सरळ, बोटं नाजूक. मान जिथे संपते तिथे पॉलिश केलेली गोल लाकडी चकती, आणि तिची कड अशी जमलेली की नखसुद्धा अडकू नये. साहेबांनी चकतीवर टिचकी मारली. आवाजही चांगला आला. डोकं बसवल्यावर झाकून जाणाऱ्या जागेवरसुद्धा कुणी एवढी मेहनत घेतं, याचं त्यांना कौतुक वाटलं.

परदेशी जाणारा माल निघण्याआधी मोजायचा, ठोकून-वाजवून बघायचा आणि ठीक असेल तर दाखला द्यायचा, ही साहेबांची नोकरी. उभा जन्म पेट्यांवर टिचक्या मारण्यात गेल्यामुळे कचेरीने त्यांचं नाव पेटीसाहेब ठेवलं होतं. घरी रोज जेवताना ते म्हणायचे, "आज काय झालं, एका पेटीत…" आणि बायको म्हणायची, "भाजी वाढू का?" मुलगा तेवढ्यात ताट घेऊन उठायचा. त्या वाक्याचा उत्तरार्ध घरात आजवर कुणी ऐकलेला नव्हता.

"काल संध्याकाळी होती हो डोकी," कारखान्याची मालकीण म्हणाली. तिला सगळे ताई म्हणत, तिच्यापेक्षा मोठे असलेलेसुद्धा. सकाळी कुलूप उघडल्यावर तिने एकच नजर टाकली होती, मग घरातल्या होत्या नव्हत्या तेवढ्या चादरी आणून सगळ्यांवर घातल्या होत्या आणि तेव्हापासून ती भिंतीकडे पाठ करून बोलत होती.

साहेबांनी कागद काढून विचारलं, माल कुठे चाललाय. ताईने दाराकडे पाहिलं, मागे पाहिलं आणि आवाज इतका खाली आणला की साहेबांना वाकावं लागलं. देशाचं नाव तिने त्यांच्या कानात सांगितलं. साहेबांना तो देश माहीत होता. तिथे जमीन खणली की तेल निघतं. एवढ्या साध्या देशाचं नाव कुजबुजून का घ्यावं हे मात्र त्यांना कळेना.

मग ताईने बाकीचं जरा मोठ्याने सांगितलं. तेल आज ना उद्या संपणार हे तिकडच्यांनी ओळखलं होतं, आणि हातात पैसा आहे तोवर दुसरे धंदे उभे करायला घेतले होते. वाळूत हॉटेलं, नाटकगृहं, लांबच लांब बाजार. बाहेरून पाहुणे येणार, डोक्यावर ऊन घेत फिरणार, म्हणून तिथल्या एका बाईने दुकानांची साखळीच काढली होती. मोठ्या कारखान्यांचे पुतळे तिला पसंत पडेनात, सगळ्यांचे चेहरे एकाच आईच्या पोटचे. एका प्रदर्शनात तिने ताईचा पुतळा पाहिला, त्याच्या हाताने रंगवलेल्या पापण्या जवळ जाऊन पाहिल्या आणि म्हणाली, आधी बारा पाठवा, आवडले तर सगळ्या दुकानांत तुमचेच.

"दुकानं कसली?" साहेबांनी विचारलं.

"टोप्यांची."

साहेबांनी चादरींकडे पाहिलं. मग कागदाकडे. मग पुन्हा चादरींकडे.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "यातला नक्की कुठला भाग महत्त्वाचा होता?"

ताई खालीच बसली. संध्याकाळी ट्रक येणार होता आणि बोट कुणासाठी थांबत नसते. ही ऑर्डर गेली तर कारखान्याला टाळं लावायचं आणि जागा धाकट्या भावाला व्यायामशाळेसाठी द्यायची, असं घरात वडिलांच्या फोटोसमोर ठरलं होतं. धाकट्याने पळायचं यंत्र आधीच आणून कोपऱ्यात ठेवलं होतं. ते यंत्र रोज आपल्याकडे बघतं, असं ताईचं म्हणणं होतं.

साहेबांनी पोलिसांचं सुचवलं. ताई म्हणाली, पोलीस पहिला प्रश्न विचारतील की डोकी कुणाची, आणि उत्तर ऐकून आपल्यालाच आत घेतील.

"तुम्ही तपासायलाच आलाय ना?" ती म्हणाली. "मग तपासा."

साहेब सांगणार होते की आपण फक्त खोकी तपासतो. पण तेवढ्यात दारातून चहाची टोपली घेऊन एक वयस्क गृहस्थ आत आले, साहेबांच्या हातात कप दिला आणि म्हणाले, "आम्ही तिकडे होतो तेव्हा…"

"मामा, चहा ठेव आणि जा बघू," ताई म्हणाली.

मामा गेले. साहेबांच्या मनात काहीतरी हललं, पण काय ते सापडेपर्यंत चहा निवला.

२

चौकशीला बसायला खुर्ची नव्हती, म्हणून साहेब एका ठोकलेल्या पेटीवर बसले. तिच्यात पुतळ्यांच्या लाकडी बैठका होत्या. पेटी आठवड्यापूर्वीच बंद झाली होती, आणि वरची धूळ साहेबांच्या पँटला लागली ती शेवटपर्यंत निघाली नाही.

पहिला आला धाकटा. दंड मोठे, उत्तरं छोटी.

त्याने लपवाछपवी केलीच नाही. हो, मला पुतळे आवडत नाहीत. हो, ऑर्डर बुडाली तर जागा माझी.

"मग डोकी तूच नेलीस?" साहेबांनी विचारलं. संशयिताशी कसं बोलतात हे त्यांना ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांनी थेट विचारलं.

"साहेब, जरा विचार करा. डोकी असली तर पुतळे जातात. डोकी नसली तर पुतळे इथेच राहतात. बारा बिनडोक माणसं भिंतीला उभी असताना माझ्याकडे व्यायामाला कोण येईल? लोकांना वाटेल, इथे जास्त वजन उचललं की असं होतं."

साहेबांनी विचार केला. म्हणणं बरोबर होतं. पण मग ऑर्डर बुडावी असंही याला वाटतं आणि पुतळे जावेत असंही वाटतं, म्हणजे हा स्वतःच्याच विरुद्ध संशयित. अशा माणसाला कुठल्या रकान्यात घालायचं?

त्यांनी विषय बदलला. लेथच्या खाली लाकडाचा ताजा भुसा पडला होता, तो कुणाचा?

"मामांचा. बैठका तेच बनवतात. पॉलिशही तेच करतात. काल दिवसभर तिथेच होते. रोजच असतात. एक किल्लीही त्यांच्याकडेच असते."

साहेबांनी मान हलवली. मग त्यांनी मघापासून टोचणारं विचारलं. ताईने देशाचं नाव कानात का सांगितलं?

धाकट्यानेही दाराकडे पाहून आवाज खाली आणला. मामा पंधरा वर्षं त्याच देशात नोकरीला होते. परत आले तेव्हापासून नुसतं नाव कानावर पडलं की सुरू, आम्ही तिकडे होतो तेव्हा. लग्नात सुरू, दवाखान्यात सुरू, एकदा तर चोर आला होता त्यालासुद्धा सांगायला लागले आणि चोर घाईने निघून गेला. म्हणून घरात त्या देशाचं नाव काढायचं नाही असा नियम झाला. नाव घ्यायचीच वेळ आली तर 'आत्याचं गाव' म्हणायचं. पुतळ्यांची ऑर्डर आली तेव्हाही मामांना हेच सांगितलं, आत्याच्या गावी चाललेत.

"त्यांनी विचारलं नाही, आत्याच्या गावाला बारा पुतळे कशाला?"

"विचारलं. ताईने सांगितलं, गाव सुधारतंय."

"मग? ते काय सांगतात, तिकडचं?"

धाकटा थांबला. त्याच्या कपाळावर प्रथमच आठी पडली.

"काय की," तो म्हणाला. "तिथवर कधी पोचलोच नाही."

३

दुसरा आला पेंटर. तो रडतच आला, त्यामुळे संशय लगेच बळावला.

पुतळ्यांचे चेहरे हा रंगवायचा. एकेक पापणी एका केसाच्या कुंचल्याने. बाराही चेहरे त्याच्या नात्यातल्या माणसांचे होते, हे त्याने आजवर ताईलाही सांगितलं नव्हतं. डावीकडून तिसरी त्याची मावशी. सातवा त्याचा मेहुणा, ज्याच्याशी बोलणं बंद आहे.

"बोलणं बंद, तर चेहरा कशाला काढला?"

"बोलणं बंद आहे साहेब, बघणं नाही."

त्यांनी विचारलं की ताईवर राग होता का. होता. ताईने सगळ्यांचं हसू पुसायला लावलं होतं, कारण तिकडच्या बाईचं म्हणणं पडलं, पुतळा हसला की गिऱ्हाइकाला वाटतं टोपी आपल्याला शोभत नाही. मावशी आयुष्यभर हसली आणि शेवटी तिला गंभीर व्हावं लागलं, हे पेंटरला लागलं होतं. पण मावशीचं डोकं तो कशाला चोरेल? ती परदेशी जाणार म्हणून त्याने तिला चार पापण्या जास्त काढल्या होत्या.

"काल शेवटी इथे तूच होतास?"

"हो. दिवसभर पेट्यांवर पत्ता रंगवत होतो. सकाळीच मामा चहा घेऊन आले. मी देशाचं नाव लिहिलं, ते त्यांनी वाचलं आणि माझा चहा माझ्या टर्पेंटाइनच्या डब्यात ओतून निघून गेले."

"काही बोलले?"

"आम्ही तिकडे होतो तेव्हा, म्हणाले. मी म्हटलं, मामा, अक्षर बिघडेल, नंतर."

साहेबांनी टिपण काढायला पेन उघडलं, पण काय टिपायचं ते ठरेना. पेटी असती तर लांबी, रुंदी, उंची टिपून मोकळे झाले असते. माणसांना कड नसते. एकाला माल जायला हवा आणि नकोही. दुसऱ्याचा माल चोरीला गेलेला नाही, मावशी गेलीय.

मामा रिकामे कप न्यायला आले. टोपली काखेत, वर ओला पंचा.

"साहेब, तुम्हाला म्हणून सांगतो," ते म्हणाले. "आम्ही तिकडे होतो…"

"मामा, साहेबांना त्रास नको," पेंटरने डोळे पुसत त्यांना दाराबाहेर नेलं.

आणि साहेबांच्या मनात मघाशी जे हललं होतं ते पुन्हा हललं. भाजी वाढू का, असा आवाज त्यांच्या कानात आला. बायको तर इथे नव्हती.

डोकं मोकळं करायला ते गल्लीत उतरले. समोर हेल्मेटचं दुकान होतं. साहेबांना उगीचच वाटलं की दुकानातले सगळे जण आपल्याकडे बघताहेत. दुकानात मालकाशिवाय कुणी नव्हतं.

४

हेल्मेटवाला हा तिसरा संशयित. कारखान्याची पुढची खोली त्याला गोदामाला हवी होती आणि ताई देत नव्हती, असं धाकटा जाता जाता बोलला होता.

साहेबांनी हवापाण्याचं बोलायला सुरुवात केली. हेल्मेटवाला घाम पुसत म्हणाला, धंदा बरा आहे. कालपर्यंत बरा नव्हता. आज सकाळपासून बरा आहे.

"आजच का?"

"मांडणी बदलली."

एरवी हेल्मेट फळीवर पातेल्यांसारखी उपडी पडलेली असायची. आज ती ताठ उभी होती, काळ्या काचा खाली ओढलेल्या, एकेकाचा रुबाब असा की जणू गाडी बाहेर चालू ठेवून आत आलेत. साहेबांनी विशेष काही ठरवलं नव्हतं. सवय म्हणून त्यांनी जवळच्या हेल्मेटवर टिचकी मारली.

हेल्मेट पोकळ वाजायला हवं. हे भरलेलं वाजलं.

साहेबांनी दुसरं वाजवलं. भरलेलं. तिसऱ्याची काच वर केली. आतून दोन गंभीर डोळे त्यांच्याकडे पाहत होते, आणि पापण्या चार जास्त होत्या.

"नमस्कार मावशी," साहेब म्हणाले.

हेल्मेटवाला स्टुलावर बसला. त्याने चोरी केली नव्हती, हे त्याने शपथेवर सांगितलं. डोकी त्याला कुणीतरी आणून दिली होती. एकदम नाही, पहाटेपासून एकेक करून. कुणी ते सांगणार नाही, शब्द दिलाय. फक्त एवढंच सांगतो की देणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. तो म्हणाला होता, यांना जरा काम द्या, बेकार राहायला नकोत.

साहेबांनी डोकी मोजली. अकरा भरली. पुन्हा मोजली. तरी अकरा.

"बारावं?"

हेल्मेटवाल्याने जमिनीकडे पाहिलं. सकाळचं पहिलं गिऱ्हाईक आलं, म्हणालं हे द्या, आणि मी काही बोलायच्या आत हेल्मेट काखेत मारून गेलं. आतल्यासकट. त्याला वाटलं असेल, सोबत मिळतं.

५

अकरा डोकी कारखान्यात परतली तेव्हा पेंटरने मावशीला उराशी धरलं, मेहुण्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं, आणि कुणी कुणाला काय विचारावं हेच कुणाला कळेना. धाकटा ताईला म्हणाला, हेल्मेटवाल्याचं काम. पेंटर म्हणाला, धाकट्याचं. ताई म्हणाली, बारावं कुठाय. ट्रक गल्लीच्या तोंडाशी येऊन थांबला होता आणि हॉर्न देत होता.

साहेब बैठकांच्या पेटीवर बसून राहिले. घाईत असलेली माणसं आसपास असली की त्यांना आणखी सावकाश सुचायचं.

"ताई," ते म्हणाले, "डोकी परत बसवायची तर आधी ती झाकणं काढावी लागतील ना?"

"कुठली झाकणं?"

साहेबांनी चादर बाजूला केली. ताई सकाळपासून प्रथमच नीट वळली आणि मानेवरच्या त्या चकतीकडे बघत राहिली. तिने बोट फिरवलं. मग दुसऱ्या पुतळ्याकडे गेली. मग तिसऱ्या.

"ही आमची नाहीत," ती म्हणाली. "मानेत नुसती खुंटी असते. डोकं फिरवलं की निघतं."

"मला वाटलं, तुमची पद्धत असेल," साहेब म्हणाले. मग ते उठले, आणि आपण उठलो याचंच त्यांना आश्चर्य वाटलं. "म्हणजे चोर आला, बारा डोकी घेऊन गेला आणि बारा झाकणं बसवून गेला. तीही पॉलिश करून. ज्याला माल बिघडवायचा असतो तो एवढं कशाला करेल? हे ज्याने केलं त्याच्या मते माल बिघडला नव्हता, तो आत्ता कुठे पुरा झाला होता."

"बिनडोक पुतळा पुरा कसा?" धाकट्याने विचारलं.

"ते मलाही कळत नाही. पण लेथखाली ताजा भुसा आहे, आणि बैठका तर आठवड्यापूर्वीच या पेटीत गेल्या. मग काल दिवसभर लेथवर काय फिरत होतं? आणि डोकी समोर गेली एकेक करून. या गल्लीत दिवसाला पन्नास फेऱ्या मारतो, हातात झाकलेली टोपली असते आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही, असा माणूस कोण?"

उत्तर त्याच वेळी टोपली घेऊन दारात आलं.

मामांनी अकरा डोकी पाहिली. टोपली खाली ठेवली. मग नेहमीचं वाक्य म्हणाले, पण आज ते कुणाला सांगत नव्हते.

"आम्ही तिकडे होतो तेव्हा…"

ताईचं तोंड उघडलं. धाकट्याचंही. साहेबांनी हात वर केला. ते मनात हलणारं त्यांना अखेर सापडलं होतं. हा माणूस पंधरा वर्षं परदेशात राहून आला आणि त्या पंधरा वर्षांतलं एकच वाक्य त्याच्याजवळ उरलंय, कारण दुसरं कुणी मागितलंच नाही.

"मग?" साहेब म्हणाले.

मामा गोंधळले. त्यांनी मागे वळून पाहिलं, दुसऱ्या कुणाला म्हणताहेत का.

"मग काय?"

"तिकडे होतात तेव्हा. मग?"

पुढचं वाक्य इतकं आत गेलं होतं की वर यायला वेळ लागला.

"एक कापडाचं दुकान होतं," ते म्हणाले. "मी त्यात होतो."

"मग?"

"तेव्हा तिकडे दुकानात डोकं असलेले पुतळे ठेवायचे नाहीत, असा रिवाज होता. माणसं चांगली होती, मालक तर देवमाणूस. पण रिवाज तो रिवाज. आणि पुतळे बाहेरून यायचे ते डोक्यासकट. पेटी आली की मालक माझ्या हातात करवत द्यायचा." मामा पुतळ्याच्या खांद्यावर हात ठेवून बोलत होते. "कुणीतरी बसून पापण्या काढलेल्या असायच्या. ओठ रंगवलेले असायचे. मी ते सगळं कापून कचऱ्यात टाकायचो. पंधरा वर्षं. खाली राहायची खडबडीत मान, तिच्यावर फडकं गुंडाळायचो. काल पेटीवर नाव वाचलं आणि वाटलं, आता आपल्या पोरीचा माल तिकडे जाणार आणि माझ्यासारखाच कुणीतरी करवत घेऊन बसलेला असणार. सांगायला आलो होतो."

"कुणाला?" ताईने विचारलं.

"सगळ्यांनाच आलो होतो."

"म्हटलं, आपणच नीट उतरवू. वर झाकण बसवू, म्हणजे फडकं लागायला नको. आणि डोकी इथेच कामाला लावू."

ताई पुतळ्याला टेकली. "मामा, ती बाई टोप्या विकते. डोक्यावरच्या."

"तिकडे? उघड्यावर? डोकी असलेल्या पुतळ्यांवर?"

"बदललंय तिकडे."

मामांनी हे पचवायला घेतलं. पचेना. "आणि आत्याचं गाव?" त्यांनी विचारलं.

६

डोकी अकरा आणि धडं बारा. साहेब दाखल्यात खोटं लिहिणार नव्हते, आणि ताईने तसं मागितलंही नाही. तिने तिकडच्या बाईला फोन लावला, चित्र दिसेल असा, आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत त्या बाईच्या मोडक्या इंग्रजीला सगळं सांगितलं. हेल्मेट समजावताना फार वेळ गेला. कारखाना जगतो की बुडतो ते आता पलीकडच्या माणसावर होतं, म्हणून धाकटासुद्धा श्वास धरून उभा राहिला. पळायच्या यंत्रावर उभा राहिला, पण राहिला.

बाई म्हणाली, अकरा पाठवा, एकाचं बघू. मग म्हणाली, तो एक दाखवा तरी.

ताईने फोन बाराव्या पुतळ्यासमोर धरला.

"जवळ धरा," बाई म्हणाली. "कड दाखवा."

जुन्या पेठेत तिच्या आजोबांचं कापडाचं दुकान होतं. नवे बाजार उभे राहिले तरी आजोबा आणि त्यांच्या आळीतले जुने दुकानदार अजून बिनडोकच पुतळे मागत, आणि तसे कुणी मन लावून बनवत नसे. मिळत ते कापलेले, वर फडकं बांधलेले. हा एक असाच पाठवा, ती म्हणाली. बाकी अकरा झाकणंही सोबत टाका, ज्याला जसं हवं तसं बसवून घेईल. आणि पुढच्या मालात दोन्ही द्या. पण मला सांगा, आमच्या जुन्या पेठेला काय लागतं हे तुम्हाला तिकडे बसून कसं कळलं?

"माझ्या मामांना माहीत होतं," ताई म्हणाली.

"मग तुम्ही आधी का नाही विचारलंत त्यांना?"

ताईकडे याचं उत्तर इंग्रजीत नव्हतं. मराठीतही नव्हतं.

साहेबांनी दाखला लिहिला, धडं बारा, डोकी अकरा, झाकणं बारा, माल ठीक. नोकरीत असा दाखला त्यांनी कधी लिहिला नव्हता, म्हणून तो दोनदा वाचला. दोन्ही वेळा तेच लिहिलेलं होतं. पेट्या चढल्या, ट्रक गेला, पेंटरने मावशीच्या पेटीला हात केला आणि मेहुण्याच्या पेटीलाही, फक्त जरा कमी. धाकटा यंत्रावरून उतरला आणि विचारू लागला की पुढच्या खेपेला माल ठेवायला हा कोपरा लागेल का.

ताई पायरीवर मामांजवळ जाऊन बसली. मामांनी सवयीने म्हटलं, "आम्ही तिकडे होतो तेव्हा," आणि सवयीनेच थांबले.

"मग?" ताई म्हणाली.

मामा सांगू लागले. साहेबांची निघायची वेळ झाली होती, पण कुणी पुढचं ऐकत असताना मधून उठणं त्यांना जमेना. मामा अर्ध्यावर असतानाच एक गिऱ्हाईक काखेत हेल्मेट घेऊन वैतागत आलं. समोरच्या दुकानात कुणी नाही, तुम्ही ठेवून घ्या, ते म्हणालं. हेल्मेट मला हवंय, पण आतलं घरी चालत नाही. बायको विचारते ही कोण.

बारावं डोकं ताईच्या मांडीवर आलं. ट्रक तर गेला होता. तिने ते साहेबांच्या हातात दिलं. साहेब म्हणाले, मालातलं काही घेता येत नाही. ताई म्हणाली, हे मालात कुठाय, तुमच्याच दाखल्यात अकरा आहेत. साहेबांनी दाखला आठवून पाहिला. ती बरोबर होती.

त्या संध्याकाळी घरी जेवायला बसताना त्यांनी ते डोकं पिशवीतून काढून ताटाजवळ ठेवलं. मुलगा अर्धा उठला होता, तो तसाच राहिला. बायकोच्या हातातला चमचा भांड्यावर थांबला.

"आज काय झालं," साहेब म्हणाले, "एका पेटीत…"

आणि ते थांबले, भाजीसाठी. भाजी आली नाही.

"मग?" बायको म्हणाली.